मुशी म्हणजे नेमकी कोणती?

गेल्या अंकात मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदरावर सापडलेल्या गंगा शार्कबद्दल चार ओळी छापल्या होत्या. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथे उतरलेली एक मोठी मुशी (मुशी म्हणजे शार्क) ही अतिदुर्मीळ गंगा शार्क निघाली, एवढीच ती बातमी. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरत होती, म्हणून काही एकत्र केली आहेत.

प्रश्न: गंगेतला मासा मुंबईच्या डॉकवर कसा येईल? ओळखण्यात चूक तर झाली नाही ना? (कुलाबा)

उत्तर: चूक झाली असेल तर ती नावात. १८३९ साली म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी या जातीचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्यांच्यापुढचे नमुने गंगेच्या खालच्या टप्प्यातले होते, म्हणून नाव पडलं ग्लायफिस गॅन्जेटिकस. तेव्हापासून ही गंगेपुरती मुशी असा समज आहे. म्यानमारच्या इरावतीतली आणि बोर्निओच्या नद्यांतली अशीच मुशी वेगळी मानत असत. २०१५ मध्ये डीएनए तपासल्यावर या सगळ्या एकाच जातीच्या ठरल्या. म्हणजे ही गढूळ पाण्याची, नदीमुखांची आणि किनाऱ्यालगतची मुशी आहे. गंगा हे तिच्या अनेक पत्त्यांपैकी एक.

ससून डॉकवरची मादी होती, लांबी अंदाजे २६६ सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ फूट. फोटोंवरून तिची ओळख पटली. त्याआधीची खात्रीशीर नोंद जवळपास दहा वर्षं जुनी होती, म्हणून या एका माशाला एवढं महत्त्व आलं. मात्र ससून डॉकवर उतरली म्हणजे मुंबईसमोर पकडली असं होत नाही. ट्रॉलर आठ-दहा दिवस बाहेर असतात आणि माल सोयीच्या बंदरात उतरवतात. ही जात आजही अरबी समुद्रात आहे, एवढंच त्या माशावरून ठामपणे म्हणता येतं.

प्रश्न: आमच्या टोपलीत रोज मुशी असते. त्यात ही असली तर आम्हाला कळणार कशी? आणि उद्या कुणी येऊन मुशी विकणंच गुन्हा आहे म्हटलं, तर काय सांगायचं? (वर्सोवा, मासळीविक्रेत्या)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मुशी विकणं गुन्हा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ठरावीक जातीच आहेत. गंगा शार्क त्यात २००१ पासून आहे. बहिरी म्हणजे व्हेल शार्क आणि करवत मासा हेही त्यातच येतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला किंवा विकला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. तुमच्या टोपलीतली रोजची मुशी बहुतेक स्कोलिओडॉन असते. चपटं, गवंड्याच्या थापीसारखं तोंड आणि वाढून वाढून सव्वादोन-अडीच फूट लांबी. तिला या कायद्याने बंदी नाही.

आता ओळख. टोपलीत बसते ती मुशी मोठी गंगा शार्क असू शकत नाही. मात्र गंगा शार्कचं पिल्लू जन्मतःच दोन फुटांच्या आसपास असतं, त्यामुळे निव्वळ लांबीवर विसंबू नका. पिल्लाचं तोंड आखूड आणि गोल असतं, स्कोलिओडॉनसारखं चपटं नाही. स्कोलिओडॉनचा पाठीवरचा दुसरा पर अगदीच इवलासा असतो, गंगा शार्कचा चांगला ठसठशीत.

खरी गफलत होते ती दोन मोठ्या मुशींशी. एक बुल शार्क. तीही जाड, आखूड तोंडाची, बारीक डोळ्यांची आणि खाडीत शिरणारी. दुसरी रुंद परांची लॅमिऑप्सिस, जी आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर पूर्वापार मिळते. तिघीही राखाडी. बर्फात दोन दिवस पडल्यावर तर रंग पाहणं विसरूनच जावं.

पहिल्यांदा शेपटी जिथे सुरू होते तिथे वरच्या बाजूला बोट फिरवा. तिघींच्याही तिथे एक खळगा असतो. बुल शार्कचा खळगा आडवा, चंद्रकोरीसारखा किंवा नखाने दाबल्यासारखा. गंगा शार्क आणि लॅमिऑप्सिस यांचा उभा, म्हणजे अंगाच्या लांबीच्या दिशेने. खळगा आडवा लागला की गंगा शार्कचा विषय तिथेच संपला. अंधारात, नुसत्या बोटाने कळणारी ही खूण आहे, आणि पहाटेच्या लिलावात तिच्यासारखी दुसरी नाही.

खळगा उभा असेल तर मासा उलटा करा आणि शेपटीच्या अलीकडचा, पोटाखालचा शेवटचा पर बघा. लॅमिऑप्सिसमध्ये त्या पराची मागची कड जवळपास सरळ असते. गंगा शार्कमध्ये ती आत खोल खाचलेली असते. मग पाठीवरचे दोन पर ताणून उभे धरा. लॅमिऑप्सिसचे दोन्ही पर उंचीला जवळजवळ सारखे, आणि छातीचे पर भलतेच रुंद. गंगा शार्कचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण निम्मा, बुल शार्कचा एक तृतीयांश. पहिला पर वीतभर असेल आणि दुसरा अर्धी वीत, तर सावध व्हा.

दात शेवटी बघा. वरच्या जबड्यात तिघींचेही दात रुंद, तिकोनी, कातरलेल्या कडांचे, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. गंगा शार्कच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात मात्र उंच, अरुंद, भाल्याच्या टोकासारखे असतात. मेलेल्या माशाचा जबडासुद्धा काठीने उघडा. हात घालू नका.

लोक चुकतात ते एकच खूण बघून ठरवतात म्हणून. कापलेल्या परांचा मासा असेल तर उंचीची खूण गेलीच. खळगा मात्र राहतो.

प्रश्न: समुद्रातला मासा गोड्या पाण्यात टाकला तर मरतो, असं आम्ही मुलांना शिकवतो. मग ही मुशी नदीत कशी जगते? (ठाणे, विज्ञान शिक्षिका)

उत्तर: मुलांना हे स्वयंपाकघरातून शिकवता येईल. बाजारातून आणलेली मुशी थोडी शिळी झाली की तिला अमोनियाचा वास येतो, पापलेटला येत नाही. त्या वासाचं मूळ आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: युरिया.

समुद्राचं पाणी आपल्या रक्ताहून कितीतरी खारट असतं. साध्या माशाचं रक्त समुद्रापेक्षा पातळ राहतं, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मुशीची तऱ्हा वेगळी. आपण लघवीतून टाकून देतो तो युरिया ती रक्तात आणि मांसात साठवून ठेवते. त्यामुळे तिच्या अंगातला द्रव समुद्राइतकाच, किंचित जास्तच, दाट होतो आणि पाण्याची ओढाताण थांबते. एवढा युरिया प्रथिनांना बिघडवतो, म्हणून त्याला आवर घालायला ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं द्रव्य सोबत असतं. जास्तीचं मीठ आतड्याच्या शेवटाला असलेली एक ग्रंथी बाहेर टाकते.

ही सगळी घडी घेऊन मुशी नदीत शिरली तर उलटा त्रास होतो. बाहेरचं पाणी गोडं आणि आतलं दाट, त्यामुळे पाणी भसाभसा अंगात शिरू लागतं. बहुतेक मुशी इथेच हरतात. बुल शार्क टिकते, आणि तिच्यावर हे नीट मोजलेलं आहे. नदीतल्या बुल शार्कच्या रक्तातला युरिया समुद्रातल्यापेक्षा साधारण निम्म्यावर येतो, मिठाची ग्रंथी जवळपास बंद पडते, आणि मूत्रपिंडं पातळ लघवीचा सपाटा लावतात. गंगा शार्कही खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत वावरणारी, तिचंही तंत्र याच वळणाचं असणार.

बारीक डोळ्यांचं काय, असंही तुम्ही विचारलं आहे. गढूळ पाण्यात हातभरापलीकडे दिसत नाही. मुशीच्या तोंडावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, आत जेलीसारखं द्रव्य. भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी सूक्ष्म वीज त्यांतून कळते. बाजारातल्या कुठल्याही ताज्या मुशीचं नाक दाबून बघा, भोकांतून जेली वर येताना दिसेल.

प्रश्न: वरच्या वासाबद्दलच. मुशी कितीही धुतली तरी वास राहतो. आणि बाळंतिणीला मुशी द्यावी का? (गिरगाव)

उत्तर: वास धुण्यावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून आहे. मासा मेल्यावर जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. पकडल्याबरोबर रक्त काढलं, पोट साफ केलं आणि माशाच्या वजनाइतका बर्फ घातला तर वास धरत नाही. घरी आणल्यावर उकळतं पाणी ओतून वाळूसारखी कातडी खरवडून काढा. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग ते पाणी टाकून द्या. आंबट पदार्थ अमोनियाला बांधून ठेवतो, म्हणून लिंबू चालतं आणि नुसतं पाणी पुरत नाही. तरीही डोळ्यांत झोंबेल इतका वास येत असेल तर ती मुशी खाऊच नका.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून छोट्या मुशीचं कालवण देण्याची पद्धत कोळीवाड्यांत आहे, हे खरं. मोठी मुशी मात्र देऊ नये. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो दुधातून बाळापर्यंत पोचतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी टाळायच्या माशांत शार्क घातला आहे.

प्रश्न: कोळंबीसारखी हिची पिल्लं हॅचरीत वाढवून खाडीत सोडता येणार नाहीत का? (दादर)

उत्तर: नाही. कोळंबीची एक मादी लाखांत अंडी घालते. गंगा शार्कच्या गटातल्या मुशी थेट पिल्लं देतात. पिल्लू आईच्या पोटात नाळेसारख्या दुव्यावर वाढतं, आणि एका खेपेला पिल्लं मोजकीच. हॅचरी चालवायला आधी माद्या हव्यात. वर्षानुवर्षांत एखादीच दिसणाऱ्या जातीच्या माद्या पकडून टाकीत ठेवायच्या, म्हणजे उरलेल्या संपवायच्याच.

रोजची स्कोलिओडॉन इतक्या मासेमारीत का तगली, हे बघितलं की फरक कळतो. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, मुशींत सगळ्यात लहान. पोषण जवळपास सगळं नाळेतून. पिल्लू जन्मताना वीतभरसुद्धा नसतं, पाच-सहा महिन्यांत बाहेर येतं, आणि एका वेळी डझनभरसुद्धा असतात. लहान वयात वयात येणारी, भराभर विणारी ती मुशी. तरी तिलाही आता संकटाच्या उंबरठ्यावरची मानतात. नऊ फुटांपर्यंत वाढणाऱ्या मुशीला वयात यायलाच वर्षं लागतात. त्याआधी ती दोन-चार फुटांची असताना खाडीच्या तोंडाशी असते, आणि आपली डोळ (प्रवाहात बांधलेली पिशवीसारखी) व वावरी (पडद्यासारखी उभी सोडलेली) जाळी नेमकी तिथेच. ऑस्ट्रेलियात याच गटातल्या दुसऱ्या जातीवर भरपूर काम झालं आहे. तिथे पिल्लं नद्यांच्या खाऱ्या-गोड्या पट्ट्यात वाढतात आणि मोठे मासे समुद्रात जातात. म्हणून नदीचं पाणी अडलं, कांदळवन तुटलं किंवा नदीमुखावर जाळी दाटली, तर घाव थेट बालवाडीवर बसतो.

प्रश्न: २०२४ च्या फेब्रुवारीत मनोरजवळ वैतरणा खाडीत शार्कने एका तरुणाचा पाय फाडला. ती गंगा शार्क होती का? (पालघर)

उत्तर: तेव्हा आलेल्या माहितीनुसार ती बुल शार्क होती. हुगळीच्या घाटांवरच्या जुन्या हल्ल्यांचं खापरही दीडशे वर्षं गंगा शार्कवर फोडलं गेलं. त्यातले बहुतेक बुल शार्कचेच असावेत, असं आज मानतात. दोघी सारख्या दिसण्याचा हा दुसरा तोटा. खाडीत उतरताना गढूळ पाणी, संध्याकाळची वेळ आणि मासे साफ करून घाण टाकलेली जागा टाळा. चावलाच तर जखम धूत बसू नका. स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा, पाय उंच ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. डॉकवर संशयास्पद मुशी दिसली तर नोंद कशी करू? तुकडा कापून आणला तर चालेल का? (विलेपार्ले)

उत्तर: तुकडा कापू नका. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा नखाएवढा तुकडासुद्धा परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, हेतू अभ्यासाचा असला तरी. फोटो पुरतात, ससून डॉकवरच्या मादीच्या बाबतीत पुरलेच. गोदीत कॅमेरा काढण्याआधी मात्र परवानगी विचारा.

लिलाव सुरू असताना तुम्हाला फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून क्रम ठरलेला हवा. सगळ्यात आधी पूर्ण माशाचा एका बाजूने फोटो, कॅमेरा माशाच्या मधोमध आणि काटकोनात. तिरपा फोटो परांची उंची खोटी दाखवतो, आणि सर्वाधिक फोटो याच कारणाने फुकट जातात. मग शेपटीच्या मुळाचा खळगा वरून. तो ओला असेल तर चमकतो आणि दिशा कळत नाही, म्हणून आधी पुसून घ्या. मग पोटाखालचा शेवटचा पर पसरून, पाठीवरचे दोन्ही पर उभे धरून, आणि तोंड खालून, नाकपुड्या दिसतील असं. वेळ उरला तर दात. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, पण माशाला चिकटून. पुढे धरलेलं नाणं माप चुकवतं.

लांबी घेताना टेप अंगावरून वळवू नका. पोट फुगलेलं असेल तर माप पाच-सात सेंटिमीटर वाढतं. टेप जमिनीवर सरळ ठेवा आणि नाकाच्या टोकापासून ताणलेल्या शेपटीच्या वरच्या टोकापर्यंत मोजा. पोटाखालच्या जोडपरांच्या आतल्या कडेला बोटांसारखे दोन अवयव दिसले तर नर. ते मऊ की कडक, हेही लिहा. कडक म्हणजे वयात आलेला. होडी कुठल्या पाण्यातून आली, किती वाव खोलीवर, कुठलं जाळं, हे तांडेलाला विचारा. अभ्यासाच्या दृष्टीने ही तीन उत्तरं फोटोंइतकीच मोलाची, आणि ती विचारायचीच राहून जातात.

प्रश्न: जाळ्यात जिवंत सापडली तर सोडायची कशी? जाळं फाटलं तर ते कोण भरून देणार? (उत्तन, नाखवा)

उत्तर: जाळं कापायचं, मासा नाही. या मुशींना श्वासासाठी कल्ल्यांतून पाणी वाहतं लागतं. वावरीत अडकून थांबली की ती गुदमरू लागते, म्हणून हाताशी वेळ थोडाच असतो. मासा होडीत ओढू नका. होडीच्या कडेला पाण्यातच ठेवून, कल्ल्यांभोवतीचे धागे आधी कापा, मग छातीच्या परांचे, शेवटी शेपटीचे. शेपटी आधी मोकळी केली तर ती झटके देते आणि उरलेलं जाळं कल्ल्यांत रुतवते. गळ किंवा आकडा लावू नका. शेपटीला दोर बांधून उचलू नका, कारण पाण्याबाहेर स्वतःच्या वजनाने तिची आतली इंद्रियं फाटतात. डोळीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या मागच्या बंद टोकात, सापडली तर खोला पाण्यातच सोडा आणि तिला तोंड प्रवाहाकडे करून जाऊ द्या.

भरपाई मिळते. संरक्षित सागरी जीव जाळं कापून जिवंत सोडला तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत देण्याची राज्याची योजना २०१८ च्या अखेरीस आली. ती मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांच्यामार्फत चालते. पुरावा म्हणून एकाने मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यावा: आधी होडीचा नोंदणी क्रमांक, मग अडकलेला मासा, कापलेलं जाळं आणि सुटून जाणारा मासा. तुकड्या-तुकड्यांचे व्हिडिओ एकाच प्रसंगाचे आहेत हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. बंदरावर आल्यावर फाटक्या जाळ्याचा पसरून वेगळा फोटो घ्या आणि दुरुस्तीला टाकण्याआधी अर्ज करा. होडीची नोंदणी आणि परवाना चालू असू द्या.

मेलेली सापडली तर ती विकू नका, आणि घाबरून समुद्रातही टाकून देऊ नका. बर्फात ठेवा, वर सांगितलेले फोटो काढा आणि बंदरावर येण्याआधीच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा कांदळवन कक्षाला कळवा. फोन कधी केला ती वेळ लिहून ठेवा. आधी कळवलेला मासा आणि झडतीत सापडलेला मासा यांच्याकडे कायदा सारख्या नजरेने बघत नाही.